दवंडीची तुटक रेघ

त्या प्राध्यापकाला मी पहिल्या दिवसापासून ओळखून होतो असं सांगायला मला आवडलं असतं. पण तसं नव्हतं. सुरुवातीचे बरेच महिने मी त्याच्यावर बेहद्द खूश होतो, आणि म्हणूनच त्याचा राग अजून गेलेला नाही. ज्यांच्याकडून कसलीच अपेक्षा नव्हती अशा लोकांनी माझं पुष्कळ वाकडं केलं. त्यांची तोंडंही आता आठवत नाहीत. हा मात्र आठवतो. त्याला मी इथे अहो-जाहो करणार नाही. वर्गात केलं, तेवढं पुरे झालं.

साठीच्या दशकातली गोष्ट. नागपूरला इंजिनिअर होऊन मी पुढच्या शिक्षणासाठी अमरावतीला आलो होतो. पदव्युत्तर अभ्यासक्रम नवाच निघाला होता, नाव ‘प्रकल्प नियोजन व व्यवस्थापन’. लोक विचारायचे, म्हणजे नक्की काय करायचं? मी सांगायचो, एखाद्या बांधकामात कोणतं काम आधी, कोणतं मागून, आणि कोणतं अडलं की सगळंच अडतं, हे आधीच कागदावर शोधून ठेवायचं. राजापेठेतल्या माझ्या घरमालकाला हे ऐकून हसू आलं. “याच्यासाठी कालेज लागते काय?” तो म्हणाला. खोली देताना मात्र तो हसला नव्हता. तेव्हा त्याने आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग पुन्हा आडनाव विचारलं, आणि शेवटी गोठ्याला लागून असलेली खोली दाखवली, जिचं दार मागच्या बोळात उघडायचं. म्हैस आणि मी, आमच्यामध्ये एक भिंत होती. म्हशीबद्दल माझी काही तक्रार नाही.

वर्गात आम्ही मोजकेच होतो. पहिल्या तुकडीतून जो पहिला येईल त्याला तिथेच व्याख्याता म्हणून ठेवून घेणार, हे प्रवेशाच्या वेळीच सांगितलेलं होतं. ही गोष्ट मी अकोल्याला घरी सांगितली तेव्हा बा, म्हणजे माझा बाप, जिनिंगमधून नुकताच आला होता. केसांत, भुवयांत कापूस अडकलेला.

“म्हंजे तू फळ्यापाशी उभा राहशीन?” त्याने विचारलं.

“हो.”

“अन् बामनायचे, पाटलायचे पोट्टे खाली बसतीन?”

“बसतीन.”

“अन् तू आला का उठून उभे राहतीन?”

“राहतीन ना बा. सगळ्याच मास्तरासाठी राहतात.”

“सगळ्यायचं जाऊ दे,” तो म्हणाला आणि बराच वेळ एकटाच हसत राहिला. त्याला तेवढंच हवं होतं. मलाही दुसरं काही नको होतं.

बा पूर्वी अकोला जिल्ह्यातल्याच एका गावचा कोतवाल होता. कोतवाल म्हणजे नाव मोठं, लक्षण खोटं. निरोप पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी माणूस आला की त्याचं घोडं धरायचं, आणि दवंडी द्यायची. डफडं वाजवत गल्लोगल्ली फिरायचं, दर वळणावर थांबून ओरडायचं, आणि सगळं गाव फिरून झालं की त्याच दारांवर भाकरीसाठी उभं राहायचं. छप्पन साली दीक्षा घेऊन बा नागपूरहून परतला, त्या दिवशी त्याने डफड्याचं कातडं सुरीने फाडलं आणि लाकडी कडं चुलीत घातलं. त्या जाळावर आईने चहा केला. दूध कुठलं असायला, कोराच. आम्ही सगळे गोल बसून तो चहा प्यालो. तसला चहा मी त्यानंतर एकदाच प्यालो. मग आम्ही गाव सोडलं आणि बा अकोल्याला जिनिंगमध्ये लागला.

आता त्या शिक्षणाबद्दल. प्राध्यापक परदेशात जाऊन ही नवी पद्धत शिकून आला होता. फळ्यावर एक वर्तुळ, म्हणजे एक टप्पा. त्यातून निघालेला बाण, म्हणजे एक काम. बाण जिथे पोचतो तिथे पुढचं वर्तुळ. असं करत करत सगळा प्रकल्प एका जाळ्यात यायचा, आणि त्या जाळ्यातली सगळ्यात लांब साखळी शोधायची. त्या साखळीतलं एक काम लांबलं की सगळा प्रकल्प लांबला. बाकीच्या कामांना थोडी ढील असते, साखळीतल्या कामांना नसते.

मला ती आकृती आवडली. का आवडली ते सांगितलं तर कुणी हसेल. तिच्यात कुठलं काम वरचं नव्हतं, कुठलं खालचं नव्हतं. माती उपसणं असो की मंत्र्याच्या हातून उद्घाटन असो, दोन्हीला एकच बाण. आमच्या गावात कामावरून माणूस ठरायचा आणि माणसावरून काम. इथे प्रश्न एकच, याच्या आधी काय व्हायला हवं? एकदा तास संपल्यावर हे मी प्राध्यापकाला बोलूनही दाखवलं. म्हटलं, सर, या आकृतीत कुठलंच काम हलकं नाही, म्हणून मला ती बरी वाटते. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. “फार छान बोललास,” म्हणाला. त्या थापेवर मी कितीतरी दिवस काढले. आता आठवलं की माझी मलाच चीड येते.

सगळ्यात शेवटी त्याने तुटक रेघ शिकवली. काही बाण कामाचे नसतातच, तो म्हणाला. त्यांना वेळ लागत नाही, श्रम लागत नाहीत. ते नुसता क्रम दाखवतात. म्हणून ते सलग काढायचे नाहीत, तुटक काढायचे. इंग्रजीत त्यांना डमी म्हणतात. मी ते नीट उतरवून घेतलं.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाचे विषय वाटले. प्रत्येकाने एक खरंखुरं काम घ्यायचं, त्याची आकृती काढायची आणि त्याप्रमाणे ते काम होतं का ते जागेवर राहून पाहायचं. मला अकोल्याकडचा एक बांध मिळाला. हिवरखेडच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एक लहानसं गाव, तिथल्या नाल्यावर मातीचा बांध. माती गावाने श्रमदानातून टाकायची, पिचिंगचा, म्हणजे बांधाच्या उतारावर बसवायचा, दगड आणि गवंडी सरकारकडून. “तुला तिकडची बोली येते, तू लोकांत मिसळशील,” प्राध्यापक म्हणाला. मी फुशारलो.

आकृती त्यानेच काढली, अमरावतीत, पंख्याखाली बसून. गाव त्याने पाहिलेलं नव्हतं आणि पाहायची गरजही त्याला वाटत नव्हती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी प्रत्यक्ष पाहिलं. ‘सरपंचाची संमती’ हे पहिलं वर्तुळ. ‘श्रमदानास प्रारंभ’ हे दुसरं. दोन्हींच्या मध्ये त्याने एक तुटक रेघ ओढली आणि वर लिहिलं, ‘दवंडी’.

मी म्हटलं, “सर, दवंडी कोण देणार?”

“कोतवाल. दुसरं कोण देतं?”

“बऱ्याच गावांत कोतवालांनी ते सोडलंय सर. छप्पननंतर.”

“सरकारी योजना आहे. सोडलं म्हणजे काय? असेलच की कुणीतरी.” त्याने पेन्सिल खाली ठेवली. “हे बघ, आपल्या आकृतीत ‘काय’ आणि ‘कधी’ असतं. ‘कोण’ नसतं. कोण ही मुकादमाची बाब आहे, नियोजकाची नाही.”

“आणि सर, ही तुटक रेघ नाही. दवंडीला अख्खा दिवस जातो. सबंध गाव फिरावं लागतं.”

“डफ बडवायला दिवस?” तो हसला. मग वर्गही हसला, कारण मास्तर हसला की हसायचं असतं. आकृती शाईने पक्की झाली, वरून मंजूर होऊन आली, आणि मी ती गुंडाळी काखेत मारून एसटीत बसलो.

अकोल्याहून अकोटमार्गे हिवरखेड, आणि पुढे पायी. कापसाची शेवटची वेचणी होऊन गेलेली, तूर घरात आलेली, माणसं मोकळी. आकृतीच्या दृष्टीने मुहूर्त उत्तम होता. सरपंच गावातला मोठा शेतकरी. बांधाचं पाणी कुणाच्या शेतात जिरणार होतं ते सांगायची गरज नाही, तरी सांगतो: निम्म्याहून जास्त त्याच्याच. मी शिकलेला साहेब म्हणून मला कपबशीत चहा आला. कपाचा कान तुटलेला होता. तो माझ्यासाठी काढला होता की घरात सगळेच कप तसे होते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

“बांध पाहिजे ना,” सरपंच म्हणाला. “कावून नाई पाहिजे? पन दवंडी द्याची कोनं? कोतवालानं तं कवाचंच डफडं आनून टाकलं. ते पाहा, चावडीत खुंटीले हाय.”

“दुसऱ्या कुणी द्यावी.”

“दुसरं कोन? कुनबी वाजवन काय डफडं? तेली वाजवन? काय बोलून राहिले साहेब तुमी!”

“मग घरोघर निरोप पाठवा.”

“निरोप लग्नाचा असते. कामाले दवंडीच लागते. दवंडी झाल्याबिगर जो टोपलं घेऊन जाते ना, त्याले गाव भुकेला म्हनते.”

मला वाटलं तो टाळतोय. पण चार घरं फिरलो आणि कळलं की हे खरंच तसं आहे. बांध सगळ्यांना हवा होता. टोपल्या, फावडी तयार होती. पण बोलावल्याशिवाय कुणी जाणार नव्हतं, आणि बोलावणारी दवंडीच असली पाहिजे, आणि दवंडीच्या डफड्याला हात लावणारा आमच्यातलाच असला पाहिजे. मग इतकी वर्षं या गावाने काय केलं? काहीच केलं नव्हतं. शाळेची भिंत पडली होती, ती पडलेलीच होती. नाल्यातला रस्ता वाहून गेला होता, बैलगाड्या लांबून वळसा घेऊन जायच्या. सगळं गाव एकत्र बोलावणारं कुणी उरलं नव्हतं, आणि त्याची जागा घ्यायची म्हणजे बाटायचं. पोरं उन्हात बसून शिकली तरी चालतील, पण हात बाटता कामा नये. डफडं खुंटीवर टांगलेलं होतं, त्याच्यावर कोळ्यांनी जाळी केली होती, आणि ते तिथून काढून फेकायलासुद्धा कुणी हात लावलेला नव्हता. असं गाव मला तोंडावर थुंकण्याच्या लायकीचं वाटलं. अजून वाटतं.

मी तरीही तोडगा काढला. हिवरखेडच्या बाजारात एका मंडपवाल्याकडे भोंगा होता, बॅटरीवर चालणारा. तो बैलगाडीवर बांधून गावातून फिरवायचा, बस्. सरपंच म्हणाला, “भोंगा इलेक्शनचा, लग्नाचा. मास्तरसायेबायच्या कागदावर काय लिहेल हाय? दवंडीच ना? मंग?” मी अमरावतीला जाऊन प्राध्यापकाला विचारलं. तिथे ‘दवंडी’ खोडून ‘भोंगा’ लिहायचं, एवढंच. तो म्हणाला, “मंजूर आकृती अशी बदलत नसतात. उद्या कुणाला गवंडी आवडणार नाही, म्हणून गवंडी बदलू? भावना बाजूला ठेवायला शिक. व्यवस्थापन म्हणजे तेच.” सरपंचाला आडोसा मिळाला प्राध्यापकाच्या कागदाचा आणि प्राध्यापकाला सरपंचाच्या गावाचा. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं, तरी काय जमलं होतं त्यांचं!

गावात मी आमच्याच वस्तीत राहत होतो, खालच्या अंगाला, त्या जुन्या कोतवालाकडे. बाच्याच वयाचा माणूस. लोकांच्या वावरात मजुरी करायचा, ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी मला रोज वाढायचा आणि पैशाचं नाव काढू द्यायचा नाही. वस्तीने आधीच सांगून ठेवलं होतं की जसं बाकीच्यांना बोलावतील तसं आम्हाला बोलावलं तर आम्ही पहिल्या दिवसापासून मातीला येतो. फक्त डफडं आमच्याकडे नाही. व्याख्यात्याच्या जागेचं मीच कोतवालाला बोलता बोलता सांगितलं होतं.

एक दिवस जेवण झाल्यावर तो म्हणाला, “तुयं काम अडलं म्हन्ते.”

“अडलंय.”

“या डफड्यापायी मास्तरकी जाईन तुयी?”

“जाईल बहुतेक.”

त्याने ताटली बाजूला सारली. मग म्हणाला, “एकडाव वाजवतो मी. तुयासाठी. त्यायच्यासाठी नाई.”

खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडात ‘हो’ आलं होतं. फळा दिसला, बाचं हसणं दिसलं, आणि मग मला जो संताप आला तो मी त्या म्हाताऱ्यावरच काढला. त्याच्याच ओट्यावर बसून, त्याचीच भाकर खाऊन मी त्याच्यावर ओरडलो. म्हटलं, त्या खुंटीला हात लावलास तर मी आत्ताच्या आत्ता चालता होईन, पुन्हा तोंड दाखवणार नाही.

“चिल्लावून कावून राहिला?” तो शांतपणे म्हणाला. “मीनं काय कधी वाजवलं नाई काय? तू फळ्यापाशी उभा राहिला का आमचं वाजवनं फिटलं.”

“फिटत नाही असं,” मी म्हटलं. राग त्याचा नव्हता. ज्या माणसाने पाटलाच्या तोंडावर डफडं आणून टाकलं होतं, त्याला पुन्हा ते हातात घ्यावंसं वाटावं, अशी पाळी माझ्या शिक्षणाने त्याच्यावर आणली होती. असलं शिक्षण काय चाटायचंय!

उन्हाळा चढला तरी माती पडेना, तेव्हा प्राध्यापक स्वतः जीपने आला. सरपंचाच्या ओसरीवर बैठक भरली. त्याच्यासाठी खुर्ची आली, टॉवेल आला, ताक आलं. गाव जमलं. मी खाली उभा होतो. सरपंचाने त्याला सगळं सांगितलं आणि शेवटी माझ्याकडे बोट केलं.

“तुमचा हा पोरगा त्यायच्यातलाच हाय ना साहेब? मंग अडलं कुठं? डफडं खुंटीले हाय, हा इथं हाय.”

ओसरीवर सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी प्राध्यापकाकडे पाहत होतो. मला वाटलं तो आता काहीतरी बोलेल. निदान उठेल. त्याने ताकाचा पेला खाली ठेवला, रुमालाने मिशी पुसली आणि मला म्हणाला, “अरे, पाच मिनिटांचं तर काम आहे. तूच म्हणाला होतास ना, आकृतीत कुठलंच काम हलकं नसतं? मग?”

तास संपल्यावर एकट्यात त्याच्यापाशी बोललेलं माझं वाक्य. ज्याच्यावर त्याने थाप मारली होती ते. त्याने ते जपून ठेवलं होतं, आणि असं वापरलं.

मी म्हटलं, “सर, मग तुम्हीच वाजवा. आकृतीत ‘कोण’ नसतं.”

पाठीमागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सरपंच खोकला. प्राध्यापकाचं तोंड लाल झालं, पण मला उलट उत्तर त्याने तिथे दिलं नाही. असली माणसं तिथे देत नाहीत. त्यांची जागा वेगळी असते आणि वेळ वेगळी असते. तो जीपमध्ये बसला आणि धुरळा उडवत निघून गेला. पुढे पावसाळा लागला. नाला आला तसा वाहून गेला.

प्रबंध मी लिहिला. आकृती काढली, सरळ लिहून टाकलं की पहिलं काम ज्या माणसांवर टाकलं होतं त्यांनी ते केव्हाच सोडलेलं होतं, आणि हे माहीत असून नियोजकाने ते त्यांच्यावरच ठेवलं. दिरंगाईचं कारण, नियोजनातली चूक. कच्चा मजकूर त्याच्याकडून परत आला तेव्हा त्या परिच्छेदावर आडवी काट होती आणि बाजूला त्याच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘दिरंगाईचे कारण : स्थानिक नवबौद्ध वस्तीचे असहकार्य.’

मी त्याच्या खोलीत गेलो. तो चिडलेला नव्हता, उलट गोड बोलला. “एवढं एक वाक्य लिही. तुझी बाकीची आकडेमोड वर्गात सगळ्यात चांगली आहे, हे मी कुणालाही सांगेन. पहिला येशील. आणि वाक्याचं काय, कोण वाचतं? प्रबंध कपाटात जातात.”

“सर, ते पहिल्या दिवसापासून यायला तयार होते.”

“पण काम अडलं ना त्यांच्यामुळे?”

“तुमच्या रेघेमुळे अडलं सर.”

“मग तुझं तू बघ,” तो म्हणाला आणि समोरची फाईल उघडली. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी ऐकलं होतं. पण या गृहस्थाने अंगणाला आमचं नाव दिलं होतं, आणि त्याच्याखाली सही मी करायची होती. उद्या मी फळ्यापाशी उभा राहिलो असतो आणि पोरं उठून उभी राहिली असती. आणि कपाटात माझ्याच हातचं लिहिलेलं असतं की माझ्या माणसांनी गावाचं पाणी अडवलं. मी माझा परिच्छेद होता तसा टंकून घेतला, बांधून घेतला आणि दाखल केला.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्क परीक्षक आले होते. त्यांनी आकृती टेबलावर पसरली, चष्मा वर केला आणि सुरुवातीलाच बोट ठेवलं. “काम इथेच थांबलेलं दिसतं. ही तुटक रेघ कसली?”

“दवंडी, सर,” माझ्या आधी प्राध्यापक म्हणाला. “नगण्य बाब आहे. वेळ नाही, श्रम नाहीत.”

मी बरंच काही ठरवून गेलो होतो. अटी, आकडे, साखळी. ते सगळं राहिलं. मी म्हटलं, “सर, ती तुटक रेघ माझा बाप आहे. त्याला वेळ लागायचा, श्रम लागायचे. आता तो तिथे नाही.”

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मग प्राध्यापकाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. पुढचा प्रश्न त्यांनी पिचिंगच्या दगडाबद्दल विचारला आणि मी त्याचं बरोबर उत्तर दिलं.

प्रबंध नापसंत झाला. सुचवलेल्या दुरुस्तीसह पुन्हा सादर करण्याची मुभा, असं लिहून आलं. दुरुस्ती कोणती ते मला ठाऊक होतं. व्याख्यात्याची जागा माझ्या मागच्या बाकावरच्याला मिळाली. तो वाईट माणूस नव्हता, त्याला कुणी डफडं दाखवलं नव्हतं, एवढंच. त्यानंतरच्या वर्षी तोच बांध प्राध्यापकाने दुसऱ्या विद्यार्थ्याला दिला. आकृतीतली दवंडी खोडली आणि तिथे ‘ध्वनिक्षेपक’ लिहिलं. हिवरखेडचा तोच भोंगा बैलगाडीवर बसून गावभर फिरला, गाव टोपल्या घेऊन आलं, आणि पावसाळ्याच्या आत बांध उभा राहिला. आकृती बदलता येत होती. फक्त मी विचारल्यावर येत नव्हती.

पण ते नंतरचं. निकाल घेऊन मी अकोल्याला गेलो तेव्हा बा नुकताच कामावरून आलेला होता. मी त्याला पहिल्यापासून सांगितलं. रेघ, खुंटी, म्हातारा, ओसरी, ते वाक्य. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा काळवंडत होता. मला वाटलं, माझ्यासारखाच त्याला प्राध्यापकाचा राग येतोय. संपल्यावर तो उठला आणि माझ्यावरच उखडला. असा उखडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

“तो बुढा वाजवतो म्हने, तं वाजवू द्याचं होतं! नाई तं तू वाजवाचं होतं! पाच मिन्टं! मीनं सारी उमर वाजवलं, मेलो काय मी? मास्तर झाला असता! ते पोट्टे उठून उभे राहिले असते!”

माझंही डोकं सरकलं. ज्याच्यासाठी मी हे सगळं घालवून आलो होतो, तोच मला हे ऐकवत होता. मीही तितक्याच जोराने ओरडलो, “मंग तूनं जाळलं कावून बा?”

“तुले वाजवा लागू नये म्हून!”

त्याच आवाजात, त्याच रागात तो ओरडला, आणि ओरडून झाल्यावर तसाच उभा राहिला. माझ्या अंगावर उगारलेला हात हळूहळू खाली आला. तो भिंतीला टेकून बसला आणि भुवयांतला कापूस पुसत राहिला, निघून गेल्यावरही पुसत राहिला.

आई चुलीपाशी होती. तिने आधण ठेवलं. त्या दिवशी घरात दूध होतं. तिने ते चहात घातलं नाही.